सकाळचा कापूस, दुपारचा कापूस

"लिह्य," शेवंताबाई म्हणाल्या, "पन माह्या बुढ्याले बिचारा नको बनवू. बिचारा नव्हता तो."

शेवंताबाई म्हणजे नत्थूजींची बायको. नत्थूजींना जाऊन वर्ष होत आलं. ते असेपर्यंत हे छापायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. आता त्यांच्या बायकोला विचारून लिहिते आहे. त्यांना बिचारा लिहिणार नाही. बिचाऱ्या माणसावर अन्याय केला की लोक आपल्याला लवकर माफ करतात, आणि तशी माफी मला नको आहे.

हिंगणघाटात आमच्या वस्तीत त्यांना ग्रेडरबाबा म्हणत. गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाची प्रत ठरवायचे. दिवाळीनंतर बैलबंड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर यांची रांग लागायची आणि प्रत्येक गाडीतला मूठभर कापूस नत्थूजींच्या हाताखालून जायचा. ते सांगतील ती प्रत, आणि प्रतीवर भाव. वरचा कापूस ते घेतच नसत. कोपरापर्यंत हात ढिगात खुपसून आतला काढायचे, कारण वर सुका आणि आत ओला भरायची युक्ती त्यांना हमालीच्या दिवसांपासून ठाऊक होती. मग सरकीपासून तंतू ओढून सरळ करायचे आणि डाव्या बाहीवर आडवे ठेवायचे. त्यासाठीच अंगात काळा कोट असायचा. काळ्यावर पांढरा धागा किती लांब आहे ते दिसतं, आणि पांढरा आहे की पिवळट, तेही दिसतं. पण मे महिन्यातल्या लग्नालाही ते तोच कोट घालून यायचे. मांडवात कोणी तरी ओरडायचंच, "वकील आला, वकील आला!" त्यावर नत्थूजी म्हणायचे, "वकील खोटं बोलाचे पैसे घेते. माह्या कोटाले विचारा, तो खरं बोलते."

"थांब, पाहू दे" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. वांगी असोत, साडी असो, छत्री असो, आधी "थांब, पाहू दे", आणि मग बोटं चालायला लागायची. माझ्या मावसबहिणीला पाहायला मुलगा आला तेव्हा चहाच्या वेळी नत्थूजींनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडेचनात. मुलगा अवघडला. मग ते म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. पन शेती करते सांगतलं ना तुमी, ते खोटं आहे. या हातानं डवरा नाई धरला." मुलाचं मोबाइलचं दुकान निघालं. शेती सांगितली तर बरं दिसेल असं त्याच्या मामाला वाटलं होतं. "दुकान त दुकान सांगा न बाप्पा," नत्थूजी म्हणाले, "त्यात लाजाचं काय?" लग्न झालं, आणि त्या जावयाने पुढे कायम नत्थूजींच्या पाया पडताना हात मागे लपवायचा खेळ चालू ठेवला.

एकदा जिनिंगच्या शेठने धाग्याची लांबी मोजायचं यंत्र आणलं. बरोबर शहरातून एक इंजिनीअर आला होता. दहा मुठी कापूस आधी नत्थूजींनी पाहिला, मग यंत्राने. दहापैकी नऊ वेळा जुळलं. दहाव्याला इंजिनीअरने पुन्हा यंत्र चालवलं तर तेही जुळलं. नत्थूजी घरी येऊन म्हणाले, "मशीन पास झाली."

त्यांची बसायची जागा म्हणजे शेडच्या दारातलं एक बुटकं लाकडी ठाणं. त्या ठाण्यावर आमच्या वस्तीतला माणूस बसणं ही साधी गोष्ट नव्हती. पाठीवर गाठी वाहणाऱ्यांतून ते तिथे गेले. जुना ग्रेडर आजारी पडला, त्या हंगामात शेठने नाइलाजाने त्यांना बसवलं आणि नंतर उठवण्यासारखं कारण सापडलं नाही. ज्यांच्या वाड्यात नत्थूजींच्या बापाला पाणी वरून ओतलं जायचं, त्या वाडेवाल्यांचे नातू कापसाची मूठ घेऊन नत्थूजींसमोर उभे राहत. माझे वडील म्हणायचे, "नत्थूजी बसते ते ठाणं आपल्या सगळ्यायचं आहे."

माझे वडील पत्रकं काढायचे. मी अक्षरं पुस्तकातून शिकलेच नाही, पत्रकांतून शिकले. 'जाहीर सभा', 'निषेध', 'जागे व्हा' हे माझे पहिले शब्द. वडिलांनंतर पत्रकं मी लिहू लागले. नत्थूजी मला पत्रकवाली म्हणत. नवं पत्रक हातात दिलं की ते आधी कागद चिमटीत धरून चोळायचे. "कागद हलका वापरते तू. सहा महिन्यात पिवया पडन." मी म्हणायची, "मामाजी, मजकूर वाचा." ते म्हणायचे, "मजकूर तुह्या बापाचाच आहे, फक्त चिडकेपना जास्त आहे."

नंतर नंतर ते फक्त कागद चोळून खिशात ठेवू लागले, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ लावला की मोठ्या माणसाला आता आमच्या मजकुराची गरज उरली नाही.

असे अर्थ मी बरेच लावले. रस्त्याने जाताना समोरून कोणी "जयभीम, बाबा" म्हटलं की ते एकेकदा उत्तर न देता पुढे जात. वस्तीत बोलणं सुरू झालं, "ग्रेडरच्या मानेत सळाख घातली काय?" त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं, म्हणाले त्यात काय असते. नालीवरून जाताना ते थांबून, पाय पुढे करून, जमीन चाचपून टाकत, आणि आम्ही म्हणायचो की नवीन बूट जपतात. त्यांना शुगर होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्याकडे शुगर कोणाला नाही? ते साखरेऐवजी गुळाचा चहा घ्यायचे आणि त्याला पथ्य म्हणायचे. गोळी आठवली तर घ्यायचे.

त्या हंगामात शेतकऱ्यांच्या तक्रारी आल्या. चांगल्या कापसाला दुय्यम प्रत लागते म्हणून. तक्रार करणारे आमच्या वस्तीतले होते, बाजूच्या खेड्यांतले होते, सगळ्या जातींचे होते. मी जिनिंगच्या फाटकाशी दोन आठवडे वही घेऊन उभी राहिले. मला त्याचा अभिमान होता. ऐकीव गोष्टीवर मी पत्रक काढत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. वहीत स्पष्ट दिसत होतं: सकाळी सकाळी धुक्यात जे शेतकरी रांगेत असत, त्यांचा कापूस एक प्रत खाली जाई. दुपारी येणाऱ्या गाड्यांना वरची प्रत मिळे. आणि दुपारच्या गाड्या असत भैयालालजीच्या. भैयालालजी म्हणजे खेड्यांतून कापूस गोळा करून आणणारा दलाल. त्याच्या गाड्या लांबून येत, म्हणून उशिरा पोचत. वहीत आणखी एक नोंद होती. महिन्यातून एकदा नत्थूजी भैयालालजीच्या जीपमध्ये बसून वर्ध्याच्या दिशेने जातात आणि संध्याकाळी काळा चष्मा लावून परत येतात.

दिसत होतं ते सगळं खरं होतं. मी एकही खोटी ओळ लिहिली नाही, फक्त शेवटची ओळ लिहिली: 'आपल्याच माणसाने आपलं ठाणं दलालाला विकलं.' जीपबद्दल लिहिलं, चष्म्याबद्दल लिहिलं, जयभीमला उत्तर न देण्याबद्दलही लिहिलं. पत्रक बाजार समितीच्या आवारात वाटलं, बसस्टँडवर वाटलं. रविवारी विहारात बैठक बोलावली आणि नत्थूजींना निरोप पाठवला की येऊन उत्तर द्या.

ते आले. काळा कोट, वरपर्यंत गुंड्या लावलेला. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी कागद चोळला.

"वाच," ते म्हणाले.

"तुम्हीच वाचा न मामाजी. तुमच्यावरच आहे."

"लिह्यलं तुनं. तूच वाच."

मला वाटलं ते माझी हिंमत पाहत आहेत. मग मी वाचलं. उभं राहून, मोठ्याने, जिथे जोर द्यायचा तिथे जोर देऊन. पन्नास-साठ माणसं होती. पुढच्या ओळीत शेवंताबाई बसल्या होत्या आणि पूर्ण वेळ त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, नवऱ्याकडे पाहत होत्या.

वाचून झाल्यावर नत्थूजी म्हणाले, "सकायच्या कापसाचं लिह्यलं ते खरं आहे. बराबर पाह्यलं तुनं. लोकायचं नुकसान झालं. पैसा मी कोनाचा घेतला नाई."

"मंग सकाळी काय होते तुमच्या हाताले? थंडी वाजते काय?" मी विचारलं. लोक हसले.

"चुकलं म्हनतो न," ते म्हणाले आणि निघाले. विहाराच्या पायरीवर त्यांचा पाय चुकला. खांब हाताला लागला म्हणून वाचले. मागून कोणी तरी म्हणालं, "पिऊन आला वाटते." त्यावर मीही हसले. हे मला लिहायलाच हवं होतं. शेवंताबाईंनी ते पाहिलं होतं, त्यामुळे टाळून उपयोगही नव्हता.

आठवड्याभरात शेठने "आराम करो, नत्थूजी" म्हणून त्यांना घरी बसवलं. शेतकऱ्यांचा मोर्चा येण्याच्या आत त्याला प्रकरण मिटवायचं होतं. ठाण्यावर त्याने बाहेरून कोणाला तरी आणून बसवलं. तेव्हापासून आमच्यातला माणूस त्या ठाण्यावर बसलेला नाही.

तीन-चार महिन्यांनी मी माझ्या आत्याला मोतीबिंदूसाठी सेवाग्रामला घेऊन गेले. डोळ्यांच्या विभागात बाकांवर औषध घातलेली माणसं मिटल्या डोळ्यांनी बसलेली असतात. त्यांच्यात काळा कोट दिसला. बाजूला शेवंताबाई, मांडीवर पिशवी. नर्स नाव पुकारून म्हणाली, "बाबा, तीन तारखा चुकवल्या तुम्ही. दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं म्हणून सांगितलं होतं ना? डोळ्याच्या पडद्यावर सूज आहे तुमच्या, शुगरची. डावा तर गेलाच आहे, उजवा वाचवायचा आहे ना?"

शेवंताबाई म्हणाल्या, "गाडी नाई भेटत आता, बाई. मले वर्ध्याच्या बसची पाटी वाचता येत नाई आन याले दिसत नाई."

आमच्यात एक बाक होता. मी आत्याला डोळे मिटून बसायला सांगितलं आणि स्वतः तिच्या मागे सरकून बसले.

जीप म्हणजे ही. पुढे शेवंताबाईंकडून कळलं, भैयालालजीची छातीची तपासणी दर महिन्याला सेवाग्रामलाच असायची, तो नत्थूजींना बरोबर घेऊन यायचा. पत्रकानंतर त्याने हात जोडले, "लोग बात करते हैं, भाई." काळा चष्मा डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायच्या औषधानंतर उजेड सहन होत नाही म्हणून. आणि सकाळचा कापूस? शेडमध्ये सकाळी उजेड नसतो. धुक्यात त्यांना पांढरा आणि पिवळा कापूस सारखाच राखाडी दिसायचा, आणि ज्याची खात्री नाही त्याला एक प्रत खाली लावायची ही त्यांची हमालीपासून शिकलेली शिस्त. दुपारी ऊन थेट ठाण्यावर यायचं. तेव्हा त्यांना जरा दिसायचं. त्या वेळी भैयालालजीच्या गाड्या यायच्या. बस्स, एवढंच होतं.

मी त्यांच्या घरी गेले. किती दिवसांनी गेले ते लिहायची लाज वाटते. शेवंताबाईंनी आत घेतलं, पाणी दिलं. नत्थूजी खाटेवर होते.

"सेवाग्रामले आलती न तू?" ते म्हणाले. "हिनं पाह्यलं तुले. आत्याच्या मांगं लपलेली."

मी म्हणाले, मी दुसरं पत्रक काढते. माफी मागते. सगळं खरं लिहिते, डोळ्यांचं.

"खबरदार," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता.

"काऊन पण, मामाजी? लोक तुम्हाला बेइमान समजून राह्यले."

"समजू दे. बेइमान ग्रेडर ग्रेडरच असते, बाई. त्याले दिसते म्हनूनच त तो बेइमानी करते. आंधया होता असं लिह्यशीन त लोक इचारतीन, कवापासून? मंग माह्या तीस वर्षायच्या सगळ्या प्रती खोट्या होतीन." मग ते म्हणाले, "दोन हंगाम त मीच खोटं बोलत होतो. दुखत नाई, लाल होत नाई, पानी येत नाई. मंग बिमारी कायची, म्हनून पह्यले गेलोच नाई. आन समजलं तवा ठाणं सोडवलं नाई. तुह्यं पत्रक तेवढं बराबर होतं. लोकायचं नुकसान मी केलं. मी आहो तवर छापू नको. मंग छाप नाई त जाय."

मी म्हणाले, दर महिन्याला मी नेते तुम्हाला सेवाग्रामला. ते म्हणाले, "पाहू." दोनदा नेलं. बसमध्ये ते खिडकीशी बसायचे आणि पवनार जवळ आलं का असं विचारायचे, कारण धाम नदीच्या पुलावर बसचा आवाज बदलतो. आमची बस पवनारवरून जातच नव्हती. पहिल्यांदा मी त्यांना ते सांगितलं, दुसऱ्यांदा मी "हो, आलं" म्हणाले.

तिसऱ्या तारखेला नागपुरात परिषद होती. मला बोलायचं होतं. मी त्यांना सांगायला गेले, पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ. "जा, जा," ते म्हणाले, "भाषन चांगलं कर. हळू वाचजो, तू घाई करते." पुढच्या आठवड्यात परिषदेचे ठराव लिहायचे होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी शेवंताबाईंना विचारलं, "दिवा काऊन इझवला?" बाहेर लख्ख ऊन होतं. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तरी डोळा राहिला असता असं सांगता येत नाही. ते चांगले डॉक्टर आहेत. त्यांनी हे माझ्याकडे बघून सांगितलं. मी ते वाक्य पुष्कळ दिवस वापरलं. आता वापरत नाही.

पुढचं शेवंताबाईंकडून कळायचं. मी जाणं कमी केलं होतं. इन्सुलिनच्या सुईवरच्या रेघा शेवंताबाईंना समजत नाहीत, म्हणून शेजारची सून रोज सकाळी भरून देते. ती माहेरी गेली की नत्थूजी अंदाजाने घेतात, आणि एकदा घामाघूम होऊन खाटेखाली पडले. रात्रीचं संडासला जायला बायकोला उठवावं लागू नये म्हणून चार वाजल्यापासून पाणी पीत नाहीत. दाढी दुसऱ्याकडून करून घ्यायची लाज वाटते म्हणून दाढी वाढवली आहे. कोणी ताटात हात धरून घास दाखवला की ताट सरकवतात. कोट घालत नाहीत. शेवंताबाईंनी एकदा घडी करून ट्रंकेत ठेवला तर म्हणाले, "ठेवते काऊन? कोनाले देऊन टाक." त्यांनी दिला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बुद्धपौर्णिमेला. विहारात दरवर्षी खीर असते. पंगत बसली होती आणि खिरीचं भांडं माझ्याकडे होतं. ओळीच्या मधोमध नत्थूजी बसलेले, पांढरा सदरा, पांढरी दाढी. शेवंताबाई मुलांना पाणी द्यायला उठून गेल्या होत्या. मला ओळ सोडून जाता आलं नाही. त्यांच्यासमोर आले तेव्हा ते द्रोणाची कड बोटांनी शोधत होते. मी पळी टेकवली.

"थोडीशीच टाक," ते म्हणाले. "शुगर आहे मले. आजच्या दिवस खातो." मग मान वर करून माझ्या खांद्याच्या वर कुठे तरी पाहत म्हणाले, "कोन वाढून राह्यलं, बाई?"

माईकवर नाव सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. मी आवाज बारीक केला. "विहाराचीच आहे, बाबा."

"विहाराचीच त सगळी आहेत," ते हसले. "नाव नाई काय तुले?"

त्यांच्या शेजारी बसलेला माणूस माझ्याकडे पाहत होता. तो मला चांगला ओळखत होता. मी भांडं उचललं आणि पुढच्या पानाकडे सरकले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, तो नत्थूजींच्या कानाकडे वाकला होता.

मी वाढत राहिले. मागे वळून पाहिलं नाही.